सुमिए आत्याचा डावा पाय

चिनात्सु माझी भावजय. माझा भाऊ मासातो याच्याशी लग्न करून ती आमच्या घरात आली, तेव्हा तिच्याबद्दल आम्हाला फार थोडं ठाऊक होतं. डोंगरापलीकडच्या उतारावर संत्र्यांची बाग आहे, आई लहानपणीच गेली, वडीलही आता नाहीत आणि सुमिए नावाच्या आत्यानं तिला वाढवलंय, एवढंच. आमचं घर बंदरावर. खाली दुकान, वर राहायच्या खोल्या. पहाटे होड्या लागल्या की बारीक मासळी येते. ती काट्यांसकट वाटायची, चपट्या वड्या थापायच्या आणि तळायच्या. आजोबांच्या काळापासून आमचा हाच धंदा. चिनात्सु आली आणि आठवड्याभरात कढईसमोर अशी उभी राहिली, जणू इथंच जन्मली होती.

माझी आई फुसाए सहजासहजी कुणाचं कौतुक करत नाही. पण तीसुद्धा म्हणाली, "कायो, या पोरीच्या वड्या तुझ्यापेक्षा गोल होतात."

"आई, मी वीस वर्षं गाडी चालवतेय, वड्या कुठं थापतेय?" मी म्हटलं.

हे खरं होतं. दुकानाचा माल पोचवायचं काम माझं. म्हणूनच पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. मासातोला मासळी सोडून हलता येत नसे, आणि चिनात्सुला मात्सुयामा शहरातल्या दवाखान्यात न्यायचं ते मीच.

तिचा पहिला गर्भ दुसऱ्या महिन्यात गेला. असं होतं, म्हणून सगळ्यांनी समजूत काढली. दुसराही तसाच गेला. तिसऱ्या वेळी मात्र दिवस पुढं सरकत गेले. पाचव्या महिन्यात पंचांगातल्या श्वानाच्या दिवशी आईनं देवळातून आणलेला पांढरा पट्टा तिच्या पोटाला बांधला. कुत्रीचं बाळंतपण सोपं असतं, म्हणून आमच्याकडे तो दिवस धरतात. त्या दिवशी आईनं लाल चवळीचा भात केला आणि अख्ख्या गल्लीत वाटला. त्यानंतर काही दिवसांनी चिनात्सु तपासणीला गेली, तर बाळाचं हृदय थांबलेलं होतं. मुलगा होता. मासातोनं त्याला हातात घेतलं. त्या दिवसाबद्दल तो माझ्याशी आजवर एक शब्दही बोललेला नाही.

मग गाव बोलायला लागलं. वाईट मनानं नव्हे, पण बोलायला लागलं. कुणी म्हणे, ती दिवसभर तळणीसमोर उभी असते. कुणी म्हणे, तिच्या अंगातच थंडावा आहे, पाय बर्फासारखे असतात. एक बाई दुकानात येऊन वड्या बांधून घेता घेता म्हणाली, "सुनेला जरा आडवं पडू द्या हो, फुसाएबाई."

आईनं पुडक्याला दोरा बांधला आणि म्हणाली, "माझ्या सुनेचं पोट आहे ते. तुमची वडी नव्हे, उलटून पाहायला."

बाई गेली. पण चिनात्सु आतून सगळं ऐकत होती. त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "ताई, त्या आठवड्यात मी मासळीचे दोन क्रेट उचलले होते. मासातो नको म्हणत होता, तरी उचलले."

"क्रेट उचलून मुलं जात असती, तर या बंदरावर एक माणूस जन्मला नसता," मी म्हटलं. ती हसली नाही.

ज्या दवाखान्यात हे सगळं झालं तिथं सांगितलं, नशीब, पुन्हा प्रयत्न करा. वारंवार गर्भ जाणाऱ्या बायकांना तपासणाऱ्या डॉक्टर मात्सुयामाला आहेत, हे माझ्या एका गिऱ्हाईकानं सांगितलं. ती निवृत्त सुईण. ऑक्टोबरात मी चिनात्सुला गाडीत घातलं आणि घेऊन गेले.

डॉक्टर इवामोतो पन्नाशीच्या, केस आखूड, बोलणं सावकाश. त्यांनी पुष्कळ रक्त काढून घेतलं आणि त्याहून जास्त प्रश्न विचारले.

"घरात कुणाच्या पायात रक्ताची गाठ झाली होती का?"

"नाही," चिनात्सु म्हणाली.

"वडील कशानं गेले?"

"हृदयानं. ओसाकाहून रात्रभर बसनं आले होते. थांब्यावर उतरले आणि कोसळले. चोपन्न वर्षांचे होते."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. "शवचिकित्सा झाली होती?"

"नाही. हृदयच म्हणाले सगळे."

"आणि घरातल्या बायका? गर्भ गेलेले, अपुऱ्या दिवसांचे?"

"आईला मी एकटीच. आत्याला मूल नाही. तिचं लग्न टिकलं नाही."

"का?"

चिनात्सुनं माझ्याकडे पाहिलं. "रागीट आहे ती. म्हणून परत आली, असं सगळे म्हणतात."

दोन आठवड्यांनी निकाल आला. डॉक्टर म्हणाल्या, रक्त गोठवणाऱ्या गोष्टी शरीरात असतात, तशाच ते नको तिथं गोठू न देणाऱ्याही असतात. त्यातली प्रोटीन एस नावाची एक गोष्ट चिनात्सुच्या रक्तात बरीच कमी आहे. आपल्या देशात असे लोक बरेच सापडतात, आणि पुष्कळांना जन्मभर पत्ताही लागत नाही. "पण एका तपासणीवरून मी शिक्का मारत नाही. पुन्हा बघू. आणि हे बहुतेक घराण्यातून येतं. घरात कुणी आहे का, हे कळलं तर मला फार मदत होईल."

परत येताना चिनात्सु खिडकीबाहेर बघत बसली होती. मध्येच म्हणाली, "घरात कोण उरलंय, ताई? मी आणि आत्या."

नोव्हेंबरात संत्र्यांची तोडणी सुरू झाली. दर वर्षी आम्ही दोघी आत्याच्या मदतीला एक-दोन दिवस जातो. सुमिए आत्या तेव्हा बहात्तर वर्षांच्या होत्या. पाठ ताठ, जीभ त्याहून ताठ. चढाचा मळा, त्यावर माल वाहायची ती एका रुळावरची छोटी गाडी, खाली निळा समुद्र. आत्या झाडाखाली स्टुलावर बसून कात्रीनं फळं तोडत होत्या आणि आम्हाला शिव्या घालत होत्या.

"देठ लांब ठेवू नकोस गं, कायो! शेजारच्या फळाला टोचतो. गाडी चालवतेस तशी तोडतेस."

काम उरकल्यावर आम्ही पायथ्याच्या गरम झऱ्याच्या स्नानगृहात गेलो. आत्या एरवी आमच्याबरोबर कधी येत नसत, घरीच आंघोळ करत. त्या दिवशी त्यांच्या घरचा बंब बिघडला होता, म्हणून आल्या. अंग धुवायला आम्ही तिघी बुटक्या स्टुलांवर ओळीनं बसलो आणि तेव्हा मी पाहिलं. आत्यांचा डावा पाय उजव्याच्या दीडपट होता. गुडघ्याखाली कातडी तपकिरी, जाड, चकाकणारी. एरवी त्या बारा महिने जाड मोजे घालत. थंडी वाजते, म्हणत.

चिनात्सुच्या हातातलं पाणी ओतायचं भांडं तसंच राहिलं.

"आत्या, हा पाय कधीपासून असा आहे?"

"हा? जुना भाडेकरू आहे. भाडं देत नाही आणि जातही नाही."

"आत्या, कधीपासून?"

आत्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि चेष्टा आवरली. "पन्नास वर्षं होतील. चौथ्यानंतरचा."

"चौथं काय?"

आत्यांनी आधी अंगावर पाणी ओतून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "चौथं मूल. एकही हाती लागलं नाही. दोन लवकर गेली, एक सहाव्या महिन्यात, एक आठव्या. आठव्या महिन्यातली मुलगी होती. तिच्यानंतर दहाएक दिवसांनी पाय सुजला, भोपळ्यासारखा. महिनाभर पडून होते. उठले, तेव्हा सासूनं माझी पेटी भरून ठेवली होती."

"लोक तर म्हणतात तू रागीट म्हणून..."

"ते तुझ्या बापानं उठवलं. 'रागीट म्हटलेलं बरं, ताई,' म्हणाला मला. 'घराण्याच्या रक्तात खोट आहे असं पसरलं, तर उद्या मला मुलगी झाली, तिला कोण करून घेईल?' मग तू जन्मलीस, तेव्हा तुझं लग्न होईपर्यंत बोलायचं नाही, असं वचन घेतलं माझ्याकडून."

"बाबा गेले, आत्या. माझं लग्नही झालं. मी तीन वेळा तुझ्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तेव्हाही नाही बोललीस?"

चिनात्सुचा आवाज चढला नव्हता, पण तिनं भांडं खाली ठेवलं. स्नानगृहात आणखी दोघीजणी होत्या, त्या उठून गरम पाण्याच्या हौदात जाऊन बसल्या.

"मला काय ठाऊक, दोन्ही एकच आहे म्हणून?" आत्या म्हणाल्या. "मला वाटायचं, माझं ते माझं. मी मोत्यांचे शिंपले वाढवायच्या तराफ्यांवर काम करायचे, थंड पाण्यात. सासू म्हणायची, तूच गारठवून मारलीस पोरं. मी ते मानलं होतं गं. तुझं वेगळं असेल, तुझं ठीक होईल, असं म्हणत राहिले. तुला सांगितलं, तर तू घाबरशील आणि घाबरून आणखी..." त्या थांबल्या. "चूक झाली असेल माझी."

चिनात्सुनं स्टूल मागं सरकवलं, आत्यांच्या मागं जाऊन बसली आणि त्यांची पाठ घासायला लागली. जोरात घासत होती. आत्या ओरडल्या, "अगं, कातडी ठेव!"

डिसेंबरात आत्यांना घेऊन आम्ही मात्सुयामाला गेलो. डॉक्टर इवामोतोंनी त्यांचा पाय पाहिला, यंत्रानं तपासला आणि रक्त घेतलं. आत्या सुईकडे बघत म्हणाल्या, "एवढंच? मला वाटलं, बादली आणायला सांगाल."

निकालाच्या दिवशी चिनात्सुचा आकडा पुन्हा कमीच होता. आत्यांचाही. वडिलांबद्दल आता कुणालाच काही सांगता येणार नाही, पण त्यांचंही तेच असावं, असं डॉक्टरांना वाटत होतं. बसमध्ये रात्रभर पाय दुमडून बसल्यावर पायातली गाठ सुटून फुप्फुसात गेली असणार.

"गरोदरपणात रक्त आपणहून दाटसर होतं," डॉक्टर आत्यांना समजावत होत्या. "बाळंतपणात फार वाहून जाऊ नये, म्हणून शरीरच ती सोय करतं. पण ज्यांच्याकडे रोखणारं आधीच कमी, त्यांच्या वारेतल्या केसासारख्या नळ्या गुठळ्यांनी बुजू शकतात. मग बाळाला पोचत नाही."

"म्हणजे माझी चारही त्यानंच गेली?"

"पन्नास वर्षांनंतर ते खात्रीनं नाही सांगता येणार. लवकर जाणाऱ्या गर्भांची कारणं पुष्कळदा वेगळी असतात. शेवटच्या दोघांचं यामुळं असण्याची शक्यता बरीच आहे. एक गोष्ट मात्र खात्रीनं सांगते, सुमिएबाई. थंड पाण्यानं ती गेली नाहीत. तुमच्या हातून काहीही झालं नव्हतं."

आत्यांनी मान हलवली. मग विचारलं, "इथं जवळपास नूडल्स चांगले कुठं मिळतात?"

आम्ही तिघींनी नूडल्स खाल्ले. आत्यांनी रश्शाचा शेवटचा थेंबसुद्धा ठेवला नाही. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "कायो, घरी जाताना खाडीच्या गावात वळव."

"तिकडे काय आहे?"

"तेरुहिसा आहे."

तेरुहिसा म्हणजे त्यांचा नवरा. एके काळचा. पलीकडच्या खाडीत त्यांची मोत्यांची शेती. त्यांनी नंतर दुसरं लग्न केलं, मुलं झाली, ती बायकोही दोन वर्षांपूर्वी वारली. हे सगळं आत्यांनी वाटेत असं सांगितलं, जसं एखाद्या दूरच्या नातेवाइकाबद्दल सांगावं. चिनात्सुनं विचारलं, "आत्या, नक्की जायचंय?" त्या म्हणाल्या, "सकाळीच नवे मोजे घालून निघालेय मी. म्हणजे जायचंच आहे."

ते धक्क्यावर उन्हात बसून तराफ्याचे दोर तपासत होते. सत्तरी केव्हाच ओलांडलेला, कानावर पेन्सिल खोचलेला माणूस. आत्यांना पाहून ते उभे राहिले, आणि उभे राहिल्यावर काय करायचं ते त्यांना कळेना.

"बसा, बसा," आत्या म्हणाल्या. "भांडायला नाही आले. सांगायला आलेय. आत्ता डॉक्टरकडून येतेय. माझ्या रक्तात एक गोष्ट कमी आहे. जन्मापासून. माझ्या भाचीतही आहे. त्यामुळं रक्ताच्या गुठळ्या होतात. मुली गारठून नव्हत्या गेल्या."

"मुली?" ते म्हणाले.

"सहाव्या महिन्यातलीही मुलगीच होती. तुमच्या आईनं तुम्हाला सांगू दिलं नाही."

तेरुहिसा खाली बसले. दोर मांडीवर घेतला, पुन्हा खाली ठेवला. "मला वाटायचं, माझं काहीतरी आहे," ते म्हणाले. "त्या वर्षी मी तराफ्यांना शेवाळ मारणारा विषारी रंग देत होतो. तोच घरी यायचा कपड्यांतून. दुसरी बायको गरोदर होती, तेव्हा नऊ महिने मी तिच्या खोलीत झोपलो नाही. का, ते तिला कधी सांगितलं नाही."

आत्यांना हे ठाऊक नव्हतं.

"आईनं तुझी पेटी भरली त्या दिवशी मी बोलायला हवं होतं," ते म्हणाले.

"हो. हवं होतं."

त्यांनी मान खाली घातली. आत्यांनी त्यांना त्यापेक्षा जास्त काही सुनावलं नाही, आणि माफही केलं नाही. आम्ही निघालो, तेव्हा ते धावत आत गेले आणि चिवट, सुक्या माकुळ माशाची एक जाड पिशवी आणून त्यांनी गाडीच्या खिडकीतून आत सरकवली. वळणावर आल्यावर आत्यांनी एक तुकडा तोंडात घातला, चघळला, आणि काढून रुमालात ठेवला.

"मला दात राहिलेत कुठं," त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता रडल्या. मी गाडी सावकाश चालवत राहिले.

चिनात्सुला पुढच्या उन्हाळ्यात दिवस राहिले. कळल्याच्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ पोटात इंजेक्शन. रक्त दाटू न देणारं. ते स्वतःच टोचून घ्यायचं असतं. इस्पितळात तिला शिकवलं होतं. पण घरी पहिल्या दिवशी तिनं सुई दोनदा उचलून खाली ठेवली. मासातोला बोलावलं, तर तो सुई बघून भिंतीला टेकला. आई पुढं झाली. जिनं जन्मभर मासे चिरले, तिनं डोळे मिटून घेतले.

"मासा हलत नाही हो," आई म्हणाली.

शेवटी चिनात्सुनं दात आवळून आपणच टोचलं आणि मग तिघांकडे बघून म्हणाली, "झालं. आता कुणीतरी मासातोला पाणी द्या."

दुसऱ्याच आठवड्यात आत्या बाग शेजाऱ्यांवर सोपवून आमच्याकडे राहायला आल्या. आता स्वयंपाकघरात दोन म्हाताऱ्या. आई म्हणे सूपात मीठ कमी, आत्या म्हणत जिभेत जास्त. पण इंजेक्शनची वेळ झाली की दोघी गप्प होत आणि चिनात्सुच्या दोन बाजूंना बसत. तिच्या पोटावर निळे-जांभळे डाग उमटले होते. आत्या बर्फ कापडात गुंडाळून तयार ठेवत.

पाचवा महिना आला. श्वानाचा दिवस आला आणि गेला. पट्ट्याचं नाव आईनं काढलं नाही. गेल्या वेळी ज्या आठवड्यात सगळं संपलं होतं, तो आठवडा सुरू झाला, तेव्हा घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. तपासणीला या वेळी मासातो आला, मासळी बंद ठेवून. बाहेर मी आणि तो बाकावर बसलो होतो. आतून बाळाच्या ठोक्यांचा आवाज आला, घोड्याच्या टापांसारखा भरभर. मासातो उठला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलायला लागले. मी त्याला हात लावला नाही. त्याला ते एकट्यानं करायचं होतं.

बाळंतपण ठरवून मात्सुयामालाच केलं. आदल्या दिवशी इंजेक्शन थांबवलं, आणि झाल्यावर पुन्हा काही आठवडे चालू ठेवलं, कारण आत्यांचा पाय सुजला होता तो नंतरच. मुलगी झाली. दिवस थोडे आधीचे, वजन कमी, पण रडणं असं की परिचारिका हसल्या. नाव ठेवलं हिनाओ.

आई पहिल्यांदा घेताना म्हणाली, "नाक आमच्याकडचं."

"रक्त आमच्याकडचं असू शकतं," आत्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी ते सांगितलं होतं. निम्मी शक्यता. थोडी मोठी झाली की तपासता येईल, घाई नाही. मासातोनं माझ्याकडे बघितलं. मी आईकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही म्हणणार, असलं काही बाहेर बोलू नका.

आई बाळाला हलवत होती. "असलं तर असलं," ती म्हणाली. "कळल्यावर सुई टोचायची हे तरी माहीत आहे. पण हिला आधीच सांगा. शाळेत जायला लागली की सांगा. लग्नाच्या वेळी समोरच्यांनाही सांगा. ज्यांना चालणार नाही, त्यांनी आमच्या वड्या खाऊ नयेत."

"मीच सांगेन तिला," चिनात्सु म्हणाली. "आजोबांचं, आत्याचं, तिच्या भावाचं. सगळं."

आत्या खिडकीशी गेल्या. त्यांना आता पायासाठी गोळ्या चालू होत्या आणि डॉक्टरांनी घट्ट मोजेही दिले होते. ते घालायला फार कठीण, असं म्हणून त्या रोज सकाळी अख्ख्या घराला ऐकवत. थोड्या वेळानं त्यांनी वळून हात पुढं केले.

"इकडं द्या तिला, फुसाएबाई. तुम्ही मासा धरल्यासारखी धरलीय."

आईनं कुरकुर केली, पण दिली. आत्यांनी बाळाला छातीशी घेतलं. कसं धरायचं ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. चिनात्सुला त्यांनीच तर वाढवलं होतं.